कातडीखालची पोटली

परळला केईएम रुग्णालयाच्या शेजारी, जहांगीर मेरवानजी रस्त्यावर, प्रजनन आणि बाल आरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा डॉ. इंदिरा हिंदुजांच्या बरोबरीने या संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार त्या कामात होते. एवढी गोष्ट परळमध्ये बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्यापुढची सहसा नसते. याच संस्थेत दान मिळालेल्या भ्रूणांपासून मानवी मूलपेशींचे दोन वाण तयार झाले. त्यांची नावं काइंड-1 आणि काइंड-2. त्यांच्यावरचा शोधनिबंध 2009 साली प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांतही डॉ. हिंदुजांचं नाव होतं. पुढच्या काही वर्षांत इथल्या संशोधकांनी या पेशींना स्वादुपिंडाच्या वाटेला लावून पाहिलं.

इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि मधुमेही माणसाच्या शरीरात बसवायच्या, हे स्वप्न बोस्टन आणि सान डिएगोत पाहिलं गेलं, तसं थोडंसं परळमध्येही पाहिलं गेलं. त्या प्रयोगशाळेपासून हाकेच्या अंतरावर केईएमची ओपीडी भरते. हातात केस पेपर, पिशवीत इन्सुलिनचं पेन, पोटात उपाशी तपासणीसाठी पाळलेली भूक. या माणसांना कुणी कधी विचारलं असेल का, की बाबा, पेशी तयार झाल्याच, तर तुला त्या कशा हव्यात? पोटात की दंडात? कायमच्या की काढता येतील अशा? त्यासाठी रोज गोळ्या खाशील का? जगात आता असे प्रश्न पद्धतशीर विचारले जातात आणि त्यांच्या उत्तरांवर उपकरणांना मंजुरी मिळण्या-न मिळण्याचा थोडाफार निर्णयही ठरतो. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

आधी एक खुलासा. गिरगाव-दादरमध्ये घरटी एकाला तरी ‘शुगर’ असते, ती बहुतांशी टाइप 2. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यातले बहुतेक गोळ्या, आहार आणि चालणं यांवर निभावतात. पेशींचा उपचार मुख्यतः टाइप 1 साठी आहे. त्यात शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकते आणि इन्सुलिन बाहेरून घेतल्याशिवाय माणूस जगत नाही. भारतात अशी माणसं आठ लाखांच्या वर असल्याचा अंदाज आहे. त्यातली कित्येक शाळकरी मुलं आहेत. परळच्या वाडिया रुग्णालयातल्या बाकांवर ती आईशेजारी पाय हलवत बसलेली दिसतात.

बाहेरून न बघता आतलं गणित पाहू. स्वादुपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म बेटं असतात. सगळी गोळा केली तरी अवयवाच्या वजनाच्या शेकडा एक-दोन भागच भरतील. या बेटांतल्या बीटा पेशी रक्तातली साखर क्षणोक्षणी मोजतात आणि तेवढंच इन्सुलिन सोडतात. सुईने घेतलेलं इन्सुलिन असा हिशोब करत नाही. टोचून झालं की ते आपलं काम करतच राहतं, तुम्ही जेवा किंवा लोकलमध्ये अडकून पडा. म्हणून साखर अचानक उतरते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. वर्षानुवर्षं हे होत राहिलं की काहींच्या शरीराला इशारा देण्याचीच सवय राहत नाही. साखर उतरल्याचं कळतच नाही आणि माणूस थेट बेशुद्ध पडतो. रात्री झोपेत असं झालं तर? टाइप 1 असलेल्या मुलांच्या आया या एका प्रश्नापायी अर्धी झोप झोपतात. मग बेटंच का बसवू नयेत, हा विचार त्यातूनच आला.

हा विचार इन्सुलिनपेक्षाही जुना आहे. टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्प्सन या मुलाला पहिलं इन्सुलिन मिळालं ते 1922 च्या जानेवारीत. पण त्याच्या 28 वर्षं आधी, डिसेंबर 1893 मध्ये, ब्रिस्टलच्या एका डॉक्टरांनी पंधरा वर्षांच्या मुलाच्या कातडीखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले होते. मुलगा तीन दिवसांत गेला. परकं मांस शरीर ठेवून घेत नाही, हे तेव्हा पुरतं कळलेलं नव्हतं. पुढची शंभरेक वर्षं या एकाच अडचणीशी झुंजण्यात गेली.

त्यातून दोन रस्ते निघाले.

पहिला रस्ता म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच गोळ्यांनी दाबून टाकायची. कॅनडातल्या एडमंटनमध्ये डॉ. जेम्स शापिरो यांच्या गटाने 2000 साली सात रुग्णांची हकीकत मांडली. मृत दात्यांची बेटं यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडली होती आणि सातही जणांची इन्सुलिनची सुई सुटली होती. मधुमेहाच्या जगात त्या वर्षी दिवाळी झाली. मग हळूहळू हिशोब उघडा पडला. एका रुग्णाला बहुधा दोन किंवा जास्त दात्यांची बेटं लागत होती, काही वर्षांत अनेकांना सुईकडे परतावं लागत होतं आणि गोळ्या मात्र चालूच ठेवाव्या लागत होत्या. दात्यांचा प्रश्न आपल्याकडे तर मुळातच बिकट. मुंबईसारख्या शहरात मेंदूमृत अवयवदात्यांची वर्षाची संख्या अजून शंभरी गाठत नाही.

दुसरा रस्ता उपकरणाचा. पुलाव करताना खडा मसाला फडक्यात बांधून भांड्यात सोडतात. वास आणि चव बाहेर येते, लवंग-दालचिनी पोटलीतच राहते. तसंच इथे पेशी एका पातळ, सच्छिद्र पडद्याच्या पिशवीत बंद करायच्या. साखर, प्राणवायू आणि इन्सुलिन यांचे रेणू लहान, ते पडद्यातून ये-जा करतील. प्रतिकारशक्तीच्या पेशी मोठ्या, त्या बाहेर अडतील. गोळ्यांची गरज नाही, आणि काही बिघडलं तर छोटा छेद घेऊन पिशवी काढून टाकता येईल. लिम आणि सन या दोघांनी 1980 साली समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या इवल्या गोळ्यांत बेटं बंद करून उंदरांची साखर काही आठवडे ताब्यात ठेवली, तेव्हापासून ही कल्पना संशोधकांना सोडत नाही.

यात पुण्याचाही वाटा आहे. राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेत डॉ. रमेश भोंडे आणि त्यांचे तरुण सहकारी मकरंद रिसबूड, आनंदवर्धन हर्डीकर यांनी 2000 च्या आगेमागे असल्या पोटल्यांसाठी कोणता पदार्थ चालेल याचा शोध घेतला. कोळंबी-खेकड्याच्या कवचातून मिळणाऱ्या कायटोसानचं जेल करून त्यात बेटं ठेवून पाहिली, सेल्युलोजची आवरणं प्राण्यांच्या शरीरात बसवून पाहिली. आपल्याकडच्या विज्ञानलेखनात या कामाला मिळायला हवी होती तेवढी जागा मिळाली नाही, असं माझं मत आहे.

पोटली दिसायला सोपी, पण शरीर मोठं खट आहे. परकी वस्तू दिसली की ते तिच्याभोवती धाग्यांची जाड साल चढवतं. साल चढली की प्राणवायू पोचत नाही. बीटा पेशी तर प्राणवायूला हपापलेल्या. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांश भागापेक्षा लांब गेल्या की गुदमरायला लागतात. इस्रायलच्या एका कंपनीने यावर तोड म्हणून पोटलीत प्राणवायूची टाकीच घातली. टाकी रोज बाहेरून भरायची. स्वीडनमध्ये उप्सालाला चार रुग्णांवर हा प्रयोग झाला. उपकरण सुरक्षित ठरलं, पेशी तगल्याही, पण साखरेवर म्हणावा तसा परिणाम झाला नाही. मला मात्र त्यातला ‘रोज भरायची’ हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सुई टाळण्यासाठी घेतलेल्या उपचारात रोज पोटाला नळी लावायची. अभियंत्याला यात वावगं काही दिसलं नसेल. रुग्णाला आधी विचारलं असतं तर?

सान डिएगोच्या वायासाइट कंपनीने 2014 साली मूलपेशींपासून बनवलेल्या पूर्वपेशी अशाच बंद पिशवीत घालून पहिल्या रुग्णाच्या कातडीखाली ठेवल्या. सालीने घात केला. मग कंपनीने पिशवीला मुद्दाम भोकं पाडली, म्हणजे रक्तवाहिन्या आत शिरतील. रक्तवाहिन्या शिरल्या, त्यांच्यामागून प्रतिकारशक्तीही शिरणार, म्हणून गोळ्या परत आल्या. पोटलीचा मूळ फायदाच गेला. 2022 मध्ये व्हर्टेक्स या मोठ्या औषध कंपनीने वायासाइट विकत घेतली.

व्हर्टेक्सकडे तेव्हा दोन्ही रस्ते चालू होते आणि 2025 साली दोन्हींचा निकाल लागला. मार्चमध्ये कंपनीने जाहीर केलं की बंद पोटलीतल्या पेशींचा प्रयोग थांबवत आहोत, इन्सुलिन पुरेसं बनत नाही. जूनमध्ये त्याच कंपनीच्या, यकृताच्या शिरेतून सोडलेल्या उघड्या पेशींचा निकाल आला: पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 रुग्णांपैकी 10 जणांना उपचारानंतर वर्षभराने इन्सुलिन लागत नव्हतं आणि साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग बंद झाले होते. मात्र प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांच्या जोडीने चाललेल्या या अभ्यासात दोन मृत्यूही झाले. एकाला आधीपासूनचा मेंदूचा विकार होता. दुसऱ्याचं कारण होतं क्रिप्टोकोकस या बुरशीने झालेला मेंदूज्वर. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाला गाठणारा हा संसर्ग एड्सच्या वॉर्डात काम केलेल्या आपल्या डॉक्टरांना चांगला परिचयाचा आहे.

आजची कोंडी ही अशी आहे. जी वस्तू लोकांना हवीशी वाटेल, म्हणजे गोळ्यांविना चालणारी आणि काढता येणारी पोटली, ती नीट चालत नाही. जे चालतं त्याला गोळ्यांची अट आहे आणि ते काढता येत नाही, कारण पेशी यकृतभर विखुरलेल्या असतात. जनुकं बदलून प्रतिकारशक्तीच्या नजरेतून सुटणाऱ्या पेशींचा तिसरा रस्ता उप्सालालाच एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत तपासला गेला. गोळ्यांशिवाय पेशी तगल्या. पण तो एकच रुग्ण आणि मात्राही थोडी.

अशा कोंडीत ‘उत्तम उपचार कोणता’ हा प्रश्न निव्वळ वैद्यकाचा राहत नाही. तोटे वेगवेगळ्या जातीचे असतात. बेशुद्ध पडण्याची भीती आणि संसर्गाची भीती कोणत्या तराजूत तोलणार? तो तराजू रुग्णाच्याच घरात असतो. म्हणून पसंती मोजण्याचं एक शास्त्र उभं राहिलं. त्याची सर्वांत प्रचलित रीत साधी आहे. रुग्णापुढे दोन कार्डं ठेवायची. समजा पहिल्या कार्डावर लिहिलं आहे: शंभरातल्या ऐंशी जणांची सुई सुटते, पण रोज गोळ्या, आणि शंभरातल्या पाच जणांना गंभीर संसर्ग. दुसऱ्यावर: सुई निम्मी होते, गोळ्या नाहीत, दर दोन वर्षांनी छोटं ऑपरेशन. तिसरा पर्याय बऱ्याचदा असतो, आहे तेच चालू ठेवणं. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत. रुग्ण एक कार्ड उचलतो. मग आकडे बदलून पुढची जोडी. अशा दहा-बारा जोड्या शेकडो लोकांकडून उचलून घेतल्या की माणसं एका फायद्यासाठी दुसरा किती तोटा सोसायला तयार आहेत, याचा हिशोब काढता येतो.

हे कागदी खेळ नव्हेत. अमेरिकेच्या एफडीएने 2015 साली लठ्ठपणावरच्या एका रोपण-उपकरणाला मंजुरी दिली. चाचणीत त्या उपकरणाने ठरलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलेलं नव्हतं, पण थोडं वजन उतरण्यासाठी बरेच रुग्ण रोपणाचा धोका पत्करायला राजी आहेत, हे पसंतीच्या पाहणीतून दिसलं होतं आणि एफडीएने ते जमेस धरलं. पुढच्या वर्षी अशा माहितीबद्दल एफडीएने मार्गदर्शक सूचनाही काढल्या. बेटांच्या बाबतीतही फायदा-तोटा तोलूनच निर्णय झाला. 2023 च्या जूनमध्ये मृत दात्यांच्या बेटांचा ‘लँटिड्रा’ हा उपचार तिथे मंजूर झाला. ज्या 30 जणांवर तो केला होता त्यातल्या 21 जणांना वर्षभर किंवा जास्त काळ इन्सुलिन लागलं नाही, पाच जणांची सुई एक दिवसही सुटली नाही. मंजुरी दिली ती फक्त अशा प्रौढांसाठी, ज्यांची साखर सगळे उपाय करूनही वारंवार धोकादायक उतरते.

आता हीच कार्डं घेऊन परळला या.

पहिली अडचण कार्डाआधीच येते. ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं, “काकी, तुम्हाला यातलं काय बरं वाटतं?” तर उत्तर ठरलेलं, “तुम्हीच सांगा ना डॉक्टर, आम्हाला काय कळतंय त्यातलं.” यावरून आपल्या रुग्णाला पसंतीच नसते असा निष्कर्ष काढणारे शहाणे भेटतात. तो चूक आहे. याच काकी बाहेर बाकावर येऊन शेजारणीला सगळं नेमकं सांगतात: दिवसाला चार सुया चालतील पण पोट कापायचं नाही, महिन्याला दोन खाडे झाले तर साहेब कामावरून काढेल, आणि पोरीच्या लग्नाआधी कुणाला काही कळता कामा नये. पसंती असते. ती डॉक्टरांच्या टेबलासमोर बोलायची नसते, असा इथला रिवाज आहे. शिवाय कार्ड एकट्या माणसाने उचलायचं, हे गृहीतकच लालबागच्या चाळीत टिकत नाही. ऑपरेशनचा निर्णय आई, नवरा, मोठे दीर आणि ‘केईएममध्ये ओळख असलेला’ मामा मिळून घेतात. पाहणी करायची तर कार्डं कुटुंबापुढे ठेवावी लागतील आणि विचारणारा माणूस पांढऱ्या कोटात नसावा लागेल.

दुसरी अडचण रकान्यांची. परदेशात बनलेल्या कार्डांवर ठरावीक रकाने असतात: सुई सुटण्याची शक्यता, ऑपरेशन किती मोठं, गोळ्यांचे दुष्परिणाम, उपकरण किती वर्षं टिकतं. इथे आणखी काही रकाने लागतील, आणि त्यातला पहिला क्षयाचा.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. परळपासून शिवडीचं क्षयरोग रुग्णालय किती लांब? बसने काही थांबे. क्षयाचे जंतू शरीरात सुप्त असलेली माणसं या शहरात अमाप आहेत, आणि त्या जंतूंना दाबून ठेवते ती प्रतिकारशक्तीच. मधुमेहामुळे क्षय होण्याची शक्यता दुपटी-तिपटीने वाढते. त्यावर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या दिल्या तर काय होईल, हे समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही. आणि गुंता इथेच संपत नाही. क्षयावरचं मुख्य औषध रिफाम्पिसिन. ते पोटात गेलं की टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी घसरते. म्हणजे क्षय बरा करायला जावं तर बसवलेल्या पेशी धोक्यात, पेशी वाचवायला जावं तर क्षय. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांच्या बाबतीत आपले डॉक्टर ही कसरत करतातच. पण मूत्रपिंड निकामी झालेल्याला दुसरा इलाज थोडा असतो. टाइप 1 च्या रुग्णाकडे मात्र इन्सुलिन असतं, कितीही कटकटीचं असलं तरी. बोस्टनच्या माणसाने पाच टक्के संसर्गाचा धोका मान्य केला म्हणून दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांत झोपणाऱ्या माणसासाठी तो आकडा तसाच उचलता येणार नाही. त्याच्या कार्डावरचा आकडाच वेगळा असायला हवा.

म्हणूनच मला वाटतं, बंद पोटलीचं अपयश मुंबईसाठी बोस्टनपेक्षा मोठं आहे. तिकडे गोळ्या हा एक तोटा आहे. इकडे तो अडसर आहे.

दुसरा रकाना जागेचा. उपकरण शरीरात कुठे? वेगवेगळ्या प्रयोगांत ते पाठीला कमरेपाशी, दंडात, पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवलं गेलं आहे. चीनमध्ये तिआंजिनच्या एका तरुणीला तिच्याच पेशींपासून बनवलेली बेटं पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाखाली दिली आणि अडीच महिन्यांत तिची सुई सुटली. 2024 मध्ये ती बातमी जगभर गेली. यकृत बदललेलं असल्यामुळे ती गोळ्या आधीपासून घेतच होती, हे बातम्यांत जरा बारीक अक्षरांत होतं. तर जागा. दादरच्या फुलबाजारात पहाटे कमरेवर टोपली धरून चालणाऱ्या बाईला कमरेजवळचं उपकरण नको असेल. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये दादरला उतरताना कोपरं कुठे लागतात हे ज्याला माहीत आहे, त्याला दंडातलंही नको असेल. त्याच गर्दीत दंडावर चिकटवलेला साखर मोजणारा सेन्सर उचकटून निघतो, ऑक्टोबरच्या घामाने सुटतो. असा सेन्सर वापरणाऱ्याला ‘कातडीच्या आत, दिसत नाही, निघत नाही’ हीच मोठी सोय वाटेल. एकाच डब्यातल्या दोन माणसांची पसंती उलट असू शकते, आणि सरासरी काढली की दोघंही गायब होतात.

दिसण्याचा मुद्दा मुलींच्या बाबतीत टोकदार होतो. टाइप 1 असलेल्या मुलीचा आजार लग्न ठरेपर्यंत लपवण्याची प्रथा शिकल्या-सवरल्या घरांतही गेलेली नाही. पाहुणे आले की इन्सुलिनचं पेन फ्रिजमधून कपाटात जातं. अशा घराला बेंबीशेजारचा बोटभर व्रण रोजच्या चार सुयांपेक्षा जड वाटू शकतो, किंवा याच्या उलटही: एकदाचा व्रण परवडला, पण रोजचं लपवणं नको. आणि एक रकाना तर तरुण मुलींच्या कार्डावर ठळक अक्षरांत हवा. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांपैकी मायकोफिनोलेट गर्भाला घातक आहे. मूल हवं असेल त्या काळात उपचाराचं काय, हे आधी सांगायला हवं, नंतर नाही.

पेशी कुणाच्या, हाही प्रश्न आहे. न्यूझीलंडमध्ये अल्जिनेटच्या गोळ्यांत डुकराची बेटं घालून माणसांवर प्रयोग झाले आहेत. गिरगावातल्या जैन कुटुंबाचं, भेंडीबाजारातल्या मुसलमान कुटुंबाचं त्यावर काय म्हणणं असेल? उत्तर गृहीत धरू नये. मानवी इन्सुलिन बाजारात येण्याआधी कित्येक दशकं गाय आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलंच इन्सुलिन जगभर वापरलं जायचं आणि ते याही वस्त्यांत टोचलं गेलं. बाटलीतलं औषध आणि अंगात राहणारी जिवंत पेशी यांत लोक फरक करतील की नाही, हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

आणि गाव. परळ-लालबागचं निम्मं मन कोकणात असतं. गणपतीला, शिमग्याला चाळ रिकामी होते. इन्सुलिन घेणारी माणसं थर्मासमध्ये बर्फ घालून किंवा गावी फ्रिज नसेल तर ओल्या वाळूच्या माठात बाटली ठेवून दिवस काढतात. ही माणसं उपकरणाबद्दल पहिला प्रश्न विचारतील तो असा: देवगडला असताना यात बिघाड झाला तर तिथला डॉक्टर काही करू शकेल का? परदेशी कार्डांवर हा रकाना मला अपेक्षितच नाही, कारण तिथे कंपनीचा फोन चोवीस तास चालू असतो असं धरलेलं असतं. इथे मात्र ‘बिघडलं तर सुईवर परत येता येतं का’ हा रकाना बाकी सगळ्यांवर मात करेल, असा माझा कयास आहे. काढता येणं म्हणजे इथे परतीचं तिकीट.

पैशाचा रकाना मी मुद्दाम शेवटी ठेवला. साध्या मानवी इन्सुलिनची बाटली दीड-दोनशे रुपयांच्या आसपास मिळते, पालिकेच्या रुग्णालयात बऱ्याचदा त्याहून स्वस्तात. पेशींच्या उपचाराची किंमत त्याच्या जवळपासही असणार नाही. पण किंमत आधी सांगितली की माणूस बाकी कार्ड वाचतच नाही. “आपल्याला कुठं परवडणार” म्हणून उठून जातो आणि त्याची पसंती नोंदवायची राहून जाते. ती नोंदवली पाहिजे. उद्या सरकारला किंवा विमा कंपनीला खर्च उचलायचा की नाही हे ठरवावं लागेल, तेव्हा श्रीमंतांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवर ते ठरू नये.

हे सगळं शास्त्र रीतसर चाललेलं असताना एक बाजार आधीच चालू आहे. ‘स्टेम सेलने डायबेटिस मुळापासून बरा’ अशा जाहिराती मुंबईत दिसतात. रुग्णाला काय हवं आहे हे त्या जाहिराती लिहिणाऱ्यांना संशोधकांपेक्षा आधी कळलेलं आहे: सुई नको, ऑपरेशन नको, गोळ्या नकोत, एका भेटीत काम. तेच विकलं जातं. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या आणि तत्सम काही विकारांतलं रक्तपेशींचं प्रत्यारोपण. मधुमेहासाठी भारतात मूलपेशींचा एकही उपचार मंजूर नाही. जो काही होईल तो नोंदणीकृत चाचणी म्हणूनच व्हायला हवा. तेव्हा कुणी असा उपचार सुचवला तर त्यांच्याकडे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक मागा. या नोंदी इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येतात. आचारसमितीची मंजुरी कुणाची, हे विचारा. चाचणीत इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी 2019 च्या नियमांनी प्रायोजकावर टाकलेली आहे, ती संमतिपत्रात मराठीत लिहिली आहे का ते वाचा. आणि त्या पेशींसाठी तुमच्याकडून पैसे मागितले जात असतील, तर सही करू नका. इन्सुलिन चालू ठेवा आणि आपल्या नेहमीच्या ओपीडीत जाऊन विचारा.